साखळ्यांच्या टोपल्यांचें गांव

अमेरिकेंत जाऊन आलेला मनुष्य नायगाऱ्याचा धबधबा, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती आणि वॉशिंग्टनचें व्हाइट हाऊस यांविषयीं लिहितो, आणि तें योग्यच आहे. मजजवळ मात्र वाचकांस सांगण्यासारखें यांपैकीं कांहींच नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या कन्येकडे चार महिने राहण्याचा योग आला. तिचें बिऱ्हाड कॅन्सस सिटी या शहराच्या एका उपनगरांत आहे. तेथून दोन्ही महासागर फार दूर, आणि डोंगर म्हणावा असा नजरेच्या टप्प्यांत एकहि नाहीं. त्या मुक्कामांत जें एक गांव माझ्या मनांत घर करून राहिलें, त्याचें नांव एम्पोरिया. त्या गांवाचें वैभव म्हणजे बागेंतील झाडांखालीं लोखंडी खांबांना जडवलेल्या साखळ्यांच्या टोपल्या! वाचकांनीं हंसूं नये. मीहि प्रथम हंसलोंच होतों, आणि त्या हंसण्याचें प्रायश्चित्त म्हणूनच हा लेख लिहीत आहें.

आमचा नातू तेरा वर्षांचा. त्याला मराठी समजतें, पण उत्तर इंग्रजींत येतें. मी पडलों संस्कृताचा मास्तर. माझें इंग्रजी व्याकरणापुरतें शुद्ध, पण त्याच्या बोलण्याचा वेग मला झेपत नाहीं. त्यामुळें पहिला पंधरवडा आम्हां दोघांचें संभाषण ‘जेवलास कां?’ आणि ‘हो’ एवढ्यावरच थांबलें होतें. एके दिवशीं त्याच्या खोलींत रंगीबेरंगी पंधरा-सोळा ताटल्या ओळीनें मांडलेल्या दिसल्या. मीं विचारलें, “बाळ, एवढ्या ताटल्या कशाला रे?” तो म्हणाला, “ताटल्या नाहींत आजोबा, डिस्क आहेत. फेकायच्या असतात.” चाळीस वर्षांची मास्तरकीची खोड जिभेवर आली आणि मी बोलून गेलों, “ताटल्या फेकण्यांत वेळ घालवण्यापेक्षां चार श्लोक पाठ केलेस तर जन्मभर पुरतील.” त्यानें त्या ताटल्या मुकाट्यानें पिशवींत भरल्या. पुढें चार दिवस तो माझ्या खोलीकडे फिरकला नाहीं.

पांचव्या रात्रीं मुलगी म्हणाली, “बाबा, तो काय खेळतो तें त्याला एकदां विचारा तरी. हल्लीं तो माझ्याशींसुद्धां त्याच एका विषयावर बोलतो.” तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती; म्हणूनच तें अधिक लागलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं नातवाला म्हटलें, “तुझा खेळ मला दाखवशील कां?” त्यानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाला, “मग एम्पोरियाला जाऊं या.” शनिवारीं जांवईबापूंनीं गाडी काढली.

कॅन्सस सिटीहून नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें दीड-पावणेदोन तासांची ही वाट आहे. पहिला तासभर शेतें, धान्याचीं उंच कोठारें आणि पुन्हां शेतें. पुढें हळूहळू जमीन लाटांसारखी वरखालीं होऊं लागते आणि नांगराच्या खुणा विरळ होत जातात. या मुलखाला फ्लिंट हिल्स म्हणजे गारगोटीच्या टेकड्या म्हणतात. मातीच्या पातळ थराखालीं चुनखडी आणि गारगोटी असल्यामुळें येथें नांगर चालला नाहीं. आणि नांगर चालला नाहीं म्हणूनच एके काळीं अमेरिकेचा मध्यभाग व्यापून राहिलेलें पुरुषभर उंचीचें गवत येथें अद्याप टिकून आहे. वसंताच्या आरंभीं शेतकरी हें गवत जाळतात आणि कांहीं आठवड्यांत काळ्या टेकड्या पुन्हां हिरव्यागार होतात. आम्ही गेलों तो मे महिना होता. जमिनीचा निकसपणाच कधीं कधीं तिचें रक्षण करतो, हा विचार त्या हिरवळीकडे पाहतांना मनांत आला, आणि पुढें दिवसभर त्याची आठवण होत राहिली.

एम्पोरिया हें नांव प्राचीन ग्रीकांच्या भाषेंतून आलेलें, अर्थ बाजारपेठ. गांव वसलें १८५७ सालीं. निओशो आणि कॉटनवुड या दोन नद्यांच्या मधल्या भूमीवर तें उभें आहे. वस्ती सुमारें चोवीस हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी. मुख्य रस्त्याचें नांव कमर्शियल स्ट्रीट. दोन्ही बाजूंस जुन्या विटांच्या दुमजली इमारती, आणि त्या रस्त्याच्या एका टोकाला विद्यापीठ. या गांवाला प्रथम कीर्ति मिळवून दिली ती एका संपादकानें. विल्यम ॲलन व्हाइट यांनीं १८९५ सालीं एम्पोरिया गॅझेट हें लहानसें पत्र विकत घेतलें आणि १९४४ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. मोठमोठ्या शहरांतील पत्रांनीं बोलावलें तरी ते गांव सोडून गेले नाहींत. १९२३ सालीं त्यांच्या एका अग्रलेखाला पुलित्झर पारितोषिक मिळालें, तेव्हां सगळ्या देशानें या आडगांवाकडे मान वळवून पाहिलें.

या संपादकाची मुलगी मेरी १९२१ सालीं वयाच्या सोळाव्या वर्षीं घोड्यावरून जात असतां झाडाची फांदी डोक्याला लागून दगावली. तिच्यामागें पित्यानें लिहिलेला मृत्युलेख अमेरिकेंतील शाळांच्या पाठ्यपुस्तकांतून पुढें अनेक वर्षें वाचला गेला. व्हाइट कुटुंबानें तिच्या स्मरणार्थ गांवाला जमीन दिली. तेंच पीटर पॅन पार्क. पीटर पॅन हा इंग्रजी नाटकांतला कधींच मोठा न होणारा मुलगा. ज्या पित्याची मुलगी खरोखरच मोठी झाली नाहीं, त्यानें दिलेल्या बागेला हें नांव असावें, यांतील करुण रस मी वाचकांस उलगडून सांगण्याची आवश्यकता नाहीं. या बागेंतच आमच्या नातवाचा खेळ चालतो.

आतां त्या खेळाविषयीं. डिस्क गोल्फ हें त्याचें नांव. गोल्फांत काठीनें चेंडू मारीत मारीत तो दूरच्या खळग्यांत घालावयाचा असतो. येथें चेंडूऐवजीं चकती आणि खळग्याऐवजीं टोपली. छातीएवढ्या खांबाला वर एक कडें, कड्यापासून खालीं लोंबणाऱ्या साखळ्या आणि त्यांच्या तळाशीं लोखंडी जाळीची टोपली. चकती साखळ्यांवर आदळली कीं छनन असा आवाज होऊन ती टोपलींत पडते. चकती रुंदीला सुमारें वीतभर, वजनाला दोनशें ग्रॅमांच्या आंतच असली पाहिजे असा नियम. दूर जाणारी चकती धारदार कडेची, टोपलीजवळून टाकावयाची बोथट कडेची. कमींत कमी फेंकींत जो सर्व टोपल्या पुऱ्या करील तो विजयी. अशा टोपल्या सामान्यतः अठरा असतात. पर्वें अठरा, पुराणें अठरा, गीतेचे अध्यायहि अठरा. ही संख्या ऐकतांच खेळाविषयींचा माझा अर्धा पूर्वग्रह गळून पडला, हें कबूल करतों!

या खेळाचे जनक एड हेड्रिक. उडत्या चकत्या करणाऱ्या व्हॅम-ओ नांवाच्या खेळण्यांच्या पेढींत ते कामाला होते. चकतीच्या पाठीवर वलयें काढून तिचें उड्डाण स्थिर करण्याची त्यांची युक्ति १९६७ सालीं पेटंट झाली. १९७५ सालीं लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह बागेंत त्यांनीं पहिलें कायमचें मैदान आंखलें. पुढच्याच वर्षीं खेळाडूंचा संघ स्थापन झाला, आणि १९७७ सालीं साखळ्यांच्या टोपलीचें पेटंट त्यांना मिळालें. २००२ सालीं ते वारले, तेव्हां त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा कांहीं चकत्यांच्या घडणींत मिसळण्यांत आली. आपण अस्थि गोदावरींत सोडतों. या गृहस्थाच्या वायूवर सोडल्या गेल्या. ज्याचा जन्म ज्यांत गेला, त्यालाच अंतीं अर्पण व्हावें, यांत मला तरी कांहीं विपरीत दिसत नाहीं.

चक्र फेकणें आपल्याला नवें नाहीं. श्रीकृष्णाच्या सुदर्शनाची गोष्ट सोडली, तरी नांदेडला हुजूर साहिबाच्या दर्शनास गेलों असतां निहंग शिखांच्या पगड्यांवर पोलादाचीं चक्रें मीं स्वतः पाहिलीं आहेत. मीं नातवाला सुदर्शनाची गोष्ट सांगितली. ती नीट ऐकून घेऊन तो म्हणाला, “पण तें परत हातांत यायचें ना? मग कृष्णाला चालावें लागत नसेल. आम्हांला तर चालावेंच लागतें.” या टीकेला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

बागेंत शिरल्यावर त्यानें एक चकती माझ्या हातांत दिली. मीं ती सगळ्या अंगाची शक्ति लावून फेकली. ती आकाशांत उभी राहिली, कलंडली आणि डावीकडच्या झुडपांत जाऊन पडली. मग त्या तेरा वर्षांच्या मुलानें पासष्ट वर्षांच्या मास्तराला शिकवावयास आरंभ केला. आणि येथें एक नवल घडलें. त्याच्या खेळांतले इंग्रजी शब्द मला येत नव्हते, म्हणून त्याला मराठी शब्द शोधावे लागले. “आजोबा, जोर नको. फिरकी पाहिजे. फिरत राहिली तरच ती सरळ राहते.” मीं विचारलें, “पण मग ही शेवटीं डावीकडे कां जाते?” तो अडखळला, विचार करूं लागला आणि म्हणाला, “शेवटीं तिची फिरकी आणि वेग कमी होतो ना, मग ती… रुसते.” उजव्या हाताच्या माणसानें छातीजवळून सोडलेली चकती वेग मंदावतांच डावीकडे वळते, चांगला खेळाडू तिचें हें रुसणें आधींच हिशेबांत धरून नेम धरतो. हा नियम मला पुस्तकांतून कळला असता तर मी विसरलों असतों. ‘रुसते’ या एका क्रियापदानें तो कायमचा लक्षांत राहिला. त्या दुपारीं नातू माझ्याशीं दोन तास अखंड मराठींत बोलला.

बाकावर विश्रांतीला बसलों तेव्हां मीं भोंवतालीं पाहिलें. एक सत्तरीचे गृहस्थ नातीला घेऊन खेळत होते. दोन कॉलेजांतलीं मुलें पैज लावून खेळत होतीं. एक बाई लहानग्याची ढकलगाडी झाडाखालीं उभी करून नेम धरीत होती. कोणी तिकीट घेतलें नव्हतें, कोणाच्या अंगावर खास पोषाख नव्हता. हिरवळीला रोज पाणी घालणें नाहीं कीं जमीन सपाट करणें नाहीं. झाडें, ओढा, उतार हेच या खेळाचे अडथळे आणि हीच त्याची गोडी. काठीच्या गोल्फाला शेंकडों एकर राखलेलें गवत लागतें; या खेळाला असलेलीच बाग पुरते, आणि एक टोपली कांहींशें डॉलरांत उभी राहते. लहान गांवाला परवडेल असा हा खेळ आहे, आणि त्याच्या वाढीचें पहिलें कारण हेंच.

दुसरें कारण म्हणजे ध्यास घेतलेलीं माणसें. २००५ सालीं जेरेमी रस्को या तरुणानें डायनॅमिक डिस्क्स नांवाची पेढी काढली. आरंभ लहानसाच; पण या पेढीनें नुसत्या चकत्या विकल्या नाहींत, तर स्पर्धा भरविल्या आणि खेळाडूंना पदरीं ठेवलें. याच गांवाशीं नातें असलेला एरिक मकेब हा खेळाडू २०१० सालीं जगज्जेता झाला. ‘ग्लास ब्लोन ओपन’ ही वसंतांतील स्पर्धा वर्षानुवर्षें वाढत गेली आणि तिच्या दिवसांत देशोदेशींचे खेळाडू कमर्शियल स्ट्रीटवर दिसूं लागले. २०१६ सालीं आणि पुन्हां २०२२ सालीं जागतिक अजिंक्यपदाचे सामनेच येथें झाले. पहिल्या वेळीं रिकी वायसॉकी जिंकला. दुसऱ्या वेळीं पॉल मक्बेथ आणि ॲरन गॉसेज यांची बरोबरी होऊन जादा फेंकींवर निकाल लागला, आणि मक्बेथला सहावें अजिंक्यपद मिळालें. स्त्रियांत एस्टोनिया या चिमुकल्या देशाची क्रिस्टिन टाटार विजयी झाली. चोवीस हजार वस्तीच्या गांवानें जगाचा सामना दोनदां भरवावा, ही गोष्ट लहान नव्हे. हें सर्व नातवानें मला येतांना गाडींत एका दमांत सांगितलें. माझ्या विद्यार्थ्यांनीं पानिपतच्या सनावळ्या इतक्या आस्थेनें कधींच सांगितल्या नव्हत्या.

परंतु चित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. या गांवांत मांसाचा एक मोठा कारखाना होता. २००८ सालीं त्यानें आपलें काम आंखडतें घेतलें तेव्हां सुमारें दीड हजार लोकांची नोकरी गेली, आणि २०२५ च्या आरंभीं तो कायमचा बंद पडला तेव्हां आणखी आठशेंवर कुटुंबांवर तोच प्रसंग आला. चकत्या फेकून एवढ्या घरांच्या चुली पेटत नाहींत. सामन्यांच्या आठवड्यांत खाणावळी भरतात, उतारशाळांत जागा मिळत नाहीं. पण आठवडा संपला कीं पाहुणे जातात. खेळानें गांव तरतें असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. मग त्याचा उपयोग तो काय? मला वाटतें, संकट आलें असतां माणसें गांव सोडावें कीं राहावें याचा विचार करतात, तेव्हां राहण्याच्या बाजूला जीं चार कारणें मांडतां येतात, त्यांत अशी एखादी बाग असते. आपल्या गांवाला जगांत नांव आहे, आणि सायंकाळीं म्हाताऱ्यांनीं व मुलांनीं एकत्र जमावें असें एक ठिकाण आहे, हें कारण दिसावयास लहान असलें तरी पोकळ नाहीं.

परततांना आम्ही विद्यापीठांत थांबलों. हें मूळचें शिक्षक तयार करण्याचें विद्यालय; १८६३ सालीं त्याची स्थापना झाली आणि १८६५ सालीं अठरा विद्यार्थ्यांनिशीं पहिला वर्ग भरला. पुन्हां अठरा! देशांतील उत्तम शिक्षकांचा सन्मान करणारी संस्था येथेंच आहे, आणि जुनी एकखोलीची शाळाहि जतन करून ठेवली आहे. तिच्याजवळ २०१४ सालीं उभारलेलें एक स्मारक आहे. शाळेंत आपलें काम करीत असतां ज्यांचा जीव गेला, अशा शिक्षकांचीं व शाळासेवकांचीं नांवें तेथें काळ्या दगडावर कोरलीं आहेत. कांहींजण मुलांना वांचवितांना गेले. मी तेथें बराच वेळ उभा राहिलों. नातूहि हातांतली पिशवी खालीं ठेवून स्तब्ध उभा होता.

तेथें उभा असतां मला माझीच शाळा आठवली, आणि जें आठवलें तें अभिमानाचें नव्हतें. आमच्या शाळेला नदीच्या बाजूला मोठें मैदान होतें. आठवड्यांतून तीन वेळां खेळाचा तास असे. परीक्षा जवळ आली कीं मी तो तास मागून घेत असें, आणि परीक्षा नेहमींच जवळ आलेली असे. शब्दरूपें, धातुरूपें, संधि यांच्यापुढें पळापळीची किंमत ती काय! माझे निकाल उत्तम लागत. इतर शिक्षकांनींहि माझा कित्ता गिरविला. मैदानावर गवत वाढलें, मग काटेरी झुडपें वाढलीं. कांहीं वर्षांनीं संस्थेच्या चालकांनीं मैदान वापरांत नसल्याचें कारण दाखवून त्याचा मोठा भाग दुकानांच्या गाळ्यांसाठीं देण्याचें ठरविलें. शिक्षकांचें मत विचारण्यांत आलें. मीं हात वर केला होता. तें मैदान चालकांनीं घेतलें असें आम्ही आजवर म्हणत आलों. पण तें वापरांत नाहीं हें त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें, आणि तें खरें ठरविण्यांत माझा वांटा मोठा होता. गारगोटीनें त्या टेकड्यांचें गवत राखलें. आमच्या मैदानाला राखण्यासाठीं पायांचा वावर हवा होता, आणि ते पाय मीं बाकांखालीं कोंडून ठेवले होते.

कोणी म्हणेल, यासाठीं परक्यांची चकती कशाला? आट्यापाट्या, विटीदांडू काय थोडे आहेत? आक्षेप रास्त आहे. खोखो हा आपला मातीतला खेळ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें शंभरावर वर्षांपूर्वीं त्याला नियम घालून दिले, आणि जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीला त्याचें पहिलें जागतिक अजिंक्यपद झालें, तेव्हां भारताचे पुरुष व स्त्रिया असे दोन्ही संघ जिंकले. खेळ कोणताहि असो. त्याला नियम, जागा आणि त्याचा ध्यास घेणारीं चार माणसें मिळालीं कीं तो वाढतो, आणि तीं न मिळालीं तर आपलाहि मरतो. एम्पोरियाकडून घ्यावयाचें तें एवढेंच.

निघतांना नातवानें मला एक पिवळी चकती दिली. ती आतां आमच्या गांवीं आहे. शाळेच्या मैदानाचा गाळ्यांमागें उरलेला जो तुकडा आहे, तेथें चिंचेचें एक जुनें झाड आहे. मुख्याध्यापक माझे विद्यार्थी. त्यांनीं शनिवार सायंकाळपुरती परवानगी दिली. वेळूचा एक हारा आणि माळ्यावर पडलेल्या झोपाळ्याच्या साखळ्या मिळून आमची टोपली तयार झाली. पहिल्या शनिवारीं दोन मुलें आलीं, आतां नऊ येतात, त्यांत तीन मुली. चकती एकच असल्यामुळें रांग लावावी लागते. रविवारीं सकाळीं दूरध्वनीच्या पडद्यावर नातू दिसतो आणि पहिला प्रश्न मराठींत विचारतो, “आजोबा, अजून रुसते कां?” मी सांगतों, “रुसते रे, पण आतां आधीं कळतें.”

त्या उरलेल्या तुकड्यावरहि गाळे काढावे अशी कुजबुज अलीकडे कानांवर येत आहे. निवृत्त मास्तराचें मत कोणी विचारील असें नाहीं. विचारलें तर या वेळीं हात वर होणार नाहीं. आणि न विचारलें तरी दर शनिवारीं साडेपांच वाजतां मी चिंचेखालीं असेन.